स्वयंपाकघराचा नाताळ

नाताळ जवळ आला कीं आपल्या घरांतून सजावटीची लगबग सुरू होते. बाहेरच्या खोलींत झाड उभें राहतें, दारावर तारा टांगला जातो, खिडक्यांना रंगीत दिव्यांच्या माळा लागतात. पाहुणे येतात ते ह्याच भागांत बसतात. सबब सजावटीचा सर्व पैसा व सर्व श्रम येथेंच खर्ची पडावे, हें वरवर पाहतां साहजिक दिसतें. परंतु ज्या खोलींत ह्या सणाची खरी तयारी होते, जेथें पंधरा दिवस आधींपासून करंज्या, चकल्या, लाडू, शेव, कुलकुल आणि केक यांची घाई चाललेली असते, ती खोली मात्र सजावटीच्या यादींत बहुधा नसते. नाताळच्या आदल्या रात्रीं सारें घर उजळलेलें असतें आणि तेलाच्या धुरानें काळवंडलेल्या भिंतींमध्यें घरची माउली एकटी कढईपुढें उभी असते. हा भेद आम्हांला बरेच दिवस खटकत आला आहे. म्हणून अगदीं थोडक्या खर्चांत व बहुतेक घरांतल्याच वस्तूंनीं स्वयंपाकघर कसें सजवावें, हा साधा विषय यंदा आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल, स्वयंपाकघर ही कामाची जागा. तेथें शोभेचें काय प्रयोजन? ह्या शंकेस नाताळची कथाच उत्तर देते. ‘नाताळ’ हा शब्द आपणांकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. त्याचें मूळ जन्म ह्या अर्थाच्या शब्दांत आहे. तो जन्म ज्या गांवीं झाला त्या बेथलेहेमच्या नांवाचा इब्री भाषेंतील अर्थ ‘भाकरीचें घर’ असा होतो. शिवाय लूकच्या शुभवर्तमानांत सांगितल्याप्रमाणें बाळाला निजविलें तें गव्हाणींत, म्हणजे जनावरांना वैरण घालण्याच्या जागीं. राजवाडा नव्हे, दिवाणखाना नव्हे. जेथें कोणाचें तरी पोट भरतें अशी जागा. आतां आपल्या घरांतील भाकरीचें घर कोणतें, हें का निराळें सांगावयास पाहिजे? सणाच्या दिवशीं त्या खोलीकडे पाठ फिरवून इतर खोल्या सजविणें हें मूळ कथेशींच विसंगत आहे, असें आम्हांस वाटतें.

खर्चाचा प्रश्न मात्र विचारांत घेतलाच पाहिजे. बाजारांत डिसेंबर लागतांच चकचकीत झिरमिळ्या, प्लॅस्टिकचीं फुलें व फुगे यांचे ढीग दिसूं लागतात. ह्या वस्तू चार दिवस मिरवून कचऱ्यांत जातात. सजावटीच्या थर्माकोलवर तर महाराष्ट्र शासनानें इ. स. २०१८ मध्यें बंदीच घातली. स्वयंपाकघरांत अशा वस्तूंचा आणखी एक दोष असा कीं, त्या उष्णतेनें वितळतात आणि पेटल्या तर जळतें थेंब खालीं गाळतात. म्हणून आम्ही प्रारंभींच तीन नियम घालून देतों. पहिला नियम: स्वयंपाकघरांत जें टांगावें तें शेवटीं पोटांत, वापरांत किंवा मातींत जाणारें असावें. दुसरा नियम: शेगडीपासून चोहों बाजूंनीं निदान तीन फुटांच्या आंत कांहींही टांगूं नये, आणि शेगडीच्या वर तर मुळींच नाहीं. तिसरा नियम: सजावटीचा कोणताही कण अन्नांत पडेल अशा ठिकाणीं ती लावूं नये. हे तीन नियम पाळले तर पुढील सर्व गोष्टी निर्धास्तपणें करतां येतील.

सजावटीचा आरंभ स्वच्छतेपासून व्हावा. घरांत तांब्या-पितळेचीं भांडीं असतील तर तीं चिंच व मीठ लावून घासावीं. चिंचेंतील आम्ल धातूवरील काळपट थर विरघळवितें आणि आंतील मूळ तेज वर येतें. उन्हाची तिरीप पडली असतां अशा तांब्याची जी झळाळी दिसते ती बाजारच्या कोणत्याही झिरमिळीला येणार नाहीं. पूर्वीं पुष्कळ मराठी घरांत फळ्यांच्या कडांना कागदाची कातरलेली झालर लावीत. ती रीत पुन्हां सुरू करण्यासारखी आहे. पांढरा कागद चार-पांच वेळां दुमडून त्यावर अर्धा तारा काढावा व कात्रीनें कापावा. कागद उलगडतांच ताऱ्यांची रांग तयार होते. जुन्या साडीचे कांठ घरांत असतील तर त्यांची झालर अधिक टिकाऊ, आणि धुऊन पुढील वर्षींही उपयोगी पडणारी.

आतां हिरवाईकडे वळूं. फ्रान्स देशाच्या दक्षिणेस प्रोव्हान्स नांवाचा प्रांत आहे. तेथें डिसेंबरच्या ४ तारखेस, संत बार्बरेच्या दिवशीं, तीन लहान बश्यांत गहूं पेरण्याची चाल आहे. नाताळपर्यंत ते हिरवेगार वाढतात व त्या बश्या जेवणाच्या मेजावर मांडतात. आपणांस ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं; घटाभोंवतीं पेरलेलें धान्य आपल्या शेजाऱ्यांच्या घरीं आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. कृति अशी: मूठभर गहूं रात्रभर भिजत घालावे. नारळाच्या करवंटीला खालीं बारीक भोंक पाडून तींत दोन बोटें माती भरावी, वर गहूं दाट पसरावे व अगदीं पातळ मातीनें झांकावे. रोज थोडें पाणी शिंपडावें. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि तीन आठवड्यांत सुमारें वीतभर उंचीचा हिरवा झुपका तयार होतो. रोपें उंच होऊन वांकूं लागलीं तर तांबड्या दोऱ्यानें त्यांना मधोमध एक सैल गांठ मारावी. अशा तीन करवंट्या खिडकींत ठेवल्या कीं शहरांतील लहानशा खोलींतही शेत आल्यासारखें वाटतें. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत गव्हाच्या दाण्याचा जो दृष्टान्त आहे, तो धाकट्या भावंडांना समजावून देण्यास ह्याहून चांगलें साधन आम्हांला ठाऊक नाहीं.

डिसेंबर महिना म्हणजे आपल्याकडे संत्र्या-मोसंब्यांचा हंगाम. ह्या दोन फळांचे सजावटींत निरनिराळे उपयोग आहेत. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती मोठमोठ्या तुकड्यांनीं निघते. म्हणून सालीचे तारे करावयास हेंच फळ उत्तम. साल ओली असतांनाच तीवर लहान तारे कापावे व पाट्याखालीं किंवा जड पुस्तकाखालीं दाबून वाळवावे. न दाबल्यास त्या वाटीसारख्या वळतात. प्रत्येक ताऱ्याच्या मध्यभागीं एक लवंग खोंचावी. मोसंब्याची साल गराला घट्ट चिकटलेली असल्यानें त्याच्या चकत्या अखंड राहतात. फळ आडवें धरून पाव इंच जाडीच्या चकत्या कापाव्या, फडक्यानें टिपून घ्याव्या व जाळीवर पसरून उन्हांत ठेवाव्या. देशावरील कोरड्या थंडींत तीन-चार दिवसांत त्या वाळतात. मात्र संध्याकाळीं त्या आंत घेण्यास विसरूं नये. मुंबई व कोंकण येथील दमट हवेंत बुरशी येण्याचा संभव असतो; तेथें त्या मंद आंचेच्या भट्टींत दोन-तीन तास उलटसुलट करून वाळवाव्या. वाळलेली चकती उजेडासमोर धरली असतां रंगीत कांचेच्या खिडकीसारखी दिसते. म्हणून ह्या चकत्या खिडकींतच टांगाव्या. सण संपल्यावर स्वच्छ राहिलेल्या सालींची पूड उटण्यांत घालतां येते. ज्यांवर तेलकट धूळ बसली असेल त्या खाण्यांत न आणतां खताच्या खड्ड्यांत टाकाव्या.

कागदाच्या साखळ्या सर्वांनाच आवडतात, आणि त्यांसाठीं लागणारा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवरच असतो. वर्ष संपत आलेलें असतें. दिनदर्शिकेचीं अकरा पानें निरुपयोगी झालेलीं असतात. मात्र त्या पानांवर दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. तो मिटला आहे कीं नाहीं हें आईला विचारल्यावांचून कात्री चालवूं नये. पान १८ इंच लांब व १२ इंच रुंद असेल तर त्यांतून ६ इंच लांब व १ इंच रुंद अशा ३६ पट्ट्या निघतात. अकरा पानांच्या ३९६ होतात. चिकटविण्यास अर्धा इंच सोडला तर प्रत्येक कडीचा परीघ साडेपांच इंच, आणि व्यास पावणेदोन इंच भरतो. म्हणजे सर्व कड्या मिळून सुमारें ५७ फूट लांबीची साखळी होईल. लहान खोलीच्या चारी भिंतींना ती पुरून उरावी. चिकटविण्यासाठीं मैद्याची खळ करावी. पुस्तकें बांधणारे खळींत कीड लागूं नये म्हणून मोरचूद घालतात. तें विष आहे, सबब स्वयंपाकघरांत त्याचें नांवही काढूं नये. मोरचुदावांचून केलेल्या खळीला झुरळें लागतात. ह्याचा उपाय एवढाच कीं साखळी वेळेवर उतरावी. छापील कागद अन्नाला लागूं देऊं नये, हेंही लक्षांत ठेवावें. वर्तमानपत्रांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें इ. स. २०१६ मध्यें दिली होती. कारण छपाईच्या शाईंतील अपायकारक द्रव्यें अन्नांत उतरतात.

ज्यांना रंगीत कागद हवा असेल त्यांनीं तो विकत आणूं नये. मसाल्याच्या डब्यांतून काढावा. हळद पाण्यांत कालवून कोऱ्या कागदावर पोतारा द्यावा व वाळवावा. नंतर चुन्याच्या निवळीत काडी बुडवून त्या पिवळ्या कागदावर तारा, घंटा किंवा पानें काढावीं. रेघ उमटतांच ती तांबडी होते. हळदींतील कर्क्युमिन ह्या पिवळ्या द्रव्याचा अल्काशीं संयोग झाला कीं त्याचा रंग पालटतो. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीचें मर्महि हेंच. त्या तांबड्या रेघेवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर ती पुन्हां पिवळी होते. रसायनशास्त्राच्या तासाला जो धडा पाठ होत नाहीं तो येथें एका क्षणांत पटतो. निवळी डोळ्यांत जाऊं नये म्हणून हें काम मोठ्यांच्या देखत करावें. हळदीचा रंग उन्हानें विटतो. तेव्हां असा कागद खिडकींत न लावतां आंतल्या भिंतीवर लावावा.

ताऱ्यावांचून नाताळ नाहीं. नगर-सोलापूर बाजूच्या मुलांना ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करण्याची संवय असतेच. त्याच धाटांच्या सालकाढींचे तारे करावे. कोंकणांतील मुलांनीं खराट्याचे हीर घ्यावे. सारख्या लांबीच्या पांच काड्या एकीखालून एक घेऊन पंचकोनी ताऱ्याच्या आकारांत रचाव्या व पांचही टोकें दोऱ्यानें बांधावीं. प्रत्येक टोंकाचा कोन ३६ अंशांचा येतो आणि पांचांची बेरीज १८० भरते. मध्यें जो पंचकोन उरतो त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो. असे दोन तारे टोंकांशीं एकत्र बांधून आंतील पांच छेदांवर दोहोंमध्यें आखूड काड्यांचे टेकू दिले कीं फुगीर तारा तयार होतो. दिवाळींत आकाशकंदील केलेल्या हातांना हें काम कठीण वाटणार नाहीं.

येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जर्मनींतील हर्नहुट गांवच्या नांवानें ओळखला जाणारा अनेक टोंकांचा कागदी तारा आज जगभर नाताळांत टांगला जातो. त्याचा उगम कोणत्याही कारखान्यांत झाला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नीस्की येथील मोरावियन मंडळीच्या शाळेंत भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून तो करवून घेण्यांत आला. त्याच्या गाभ्याला १८ चौरस व ८ त्रिकोण मिळून २६ बाजू असतात. एक चौरस टांगण्यासाठीं मोकळा ठेवतात. बाकीच्या २५ बाजूंवर कागदाचीं टोंकें बसवितात, त्यांपैकीं १७ चौकोनी पायाचीं व ८ त्रिकोणी पायाचीं. वसतिगृहांतील मुलांनीं आपल्या हातानें केलेली वस्तु पुढें घराघरांत पोंचली. आमच्या शाळेंतील मुलांनीं भूमितीला कंटाळण्यापूर्वीं ह्या ताऱ्याचें स्मरण करावें.

खाण्यास निरुपयोगी झालेलें, किडे पडलेलें पीठ घरांत असेल तर तें चाळून त्याचीहि शोभा करतां येते. चांगलें पीठ मात्र ह्या कामीं वापरूं नये. भाकरीच्या घरांत अन्नाचा अपमान होतां कामा नये. दोन वाट्या पिठाला एक वाटी बारीक मीठ घेऊन बेताच्या पाण्यानें घट्ट मळावें, पाव इंच जाड लाटावें व करंजीच्या कातण्यानें आकार कापावे. काडीनें भोंक पाडून उन्हांत उलटसुलट वाळवावें. मिठामुळें त्यास बुरशी लागत नाहीं. तेंच मीठ पावसाळ्यांत ओल ओढतें, म्हणून हे आकार घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावे. फार मीठ पोटांत गेल्यास कुत्र्यांना व लहान मुलांना अपाय होतो. सबब ते उंच टांगावे.

याखेरीज साठवणीच्या जिनसाच शोभेच्या होऊं शकतात. लसणाच्या जुड्या, मक्याचीं कणसें, बाजरीचीं कणसें, वाळलेल्या तांबड्या मिरच्यांची माळ, हीं सर्व नीट बांधून एका काठीवर ओळीनें टांगलीं तर त्यांचें सुंदर तोरण होतें, आणि लागेल तसें त्यांतून काढून वापरतां येतें. तोरण व रांगोळी ह्या ख्रिस्ती सणाला शोभतात काय, असा प्रश्न कोणी कोणी करतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं भजन व कीर्तन हे आपल्या मातींतले प्रकार ख्रिस्ती उपासनेंत रूढ केले, हें अशांनीं आठवावें. जें भजनाला साजलें तें तोरणाला कां साजूं नये? उंबऱ्याबाहेर आठ पाकळ्यांच्या ताऱ्याची रांगोळी अवश्य काढावी. फक्त ती तांदळाच्या पिठाची असल्यास मुंग्या आंत येतील, म्हणून दगडाची पूड वापरावी.

कांहीं वस्तु मात्र स्वयंपाकघरापासून दूरच ठेवाव्या. कण्हेरीचा पाला हिरवागार व फुलें मोहक असतात, परंतु ह्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. गुंजांची तांबडी-काळी माळ पाहून मोह होतो. तिचें बीं चावलें गेलें तर प्राणावर बेततें. पॉइन्सेटियाचें झाड डिसेंबरांत लालभडक होतें. जीं आपण पाकळ्या म्हणून समजतों तीं खरोखर पानें होत. तें दारांत कुंडींत शोभतें, परंतु त्याचा चीक कातडीला झोंबतो, म्हणून तोडलेल्या फांद्या ओट्यावर ठेवूं नयेत.

दिव्यांविषयीं अधिक सावधगिरी हवी. सिलिंडरमधील स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यानें गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. म्हणून त्या खोलींत जमिनीवर पणती किंवा मेणबत्ती लावूं नये. विजेच्या माळा नळापासून व ओल्या हातांपासून दूर असाव्या, आणि त्यांचें तुटकें वेष्टण कागदानें गुंडाळून भागवूं नये. खरें पाहतां घासलेलें पितळ व स्वच्छ पुसलेला एक साधा दिवा एवढ्यानेंच खोली पुरेशी उजळते.

कामाचा क्रम असा ठेवावा: ४ डिसेंबरला गहूं पेरावे, १५ तारखेच्या सुमारास चकत्या व साली वाळत घालाव्या, २० पर्यंत कागदाचें व काड्यांचें काम आटपावें, २२ ला भांडीं घासून भिंती पुसाव्या, २३ ला सर्व टांगावें, म्हणजे २४ तारखेच्या धांदलींत कोणाच्या पायांत यावें लागणार नाहीं. ६ जानेवारीला सर्व उतरून जें ज्याच्या जागीं जावयाचें तें तेथें पाठवावें.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. स्वयंपाकघर हें जिच्या कष्टांवर चालतें तिची संमति व तिची सोय ह्या दोन्ही आधीं पाहाव्या. तिच्या हाताशीं लागणारा डबा तुमच्या ताऱ्यामागें दडला तर ती सजावट नव्हे, अडचण होय. आणि विशेषतः मुलग्यांना आमचें सांगणें आहे कीं, तारा टांगून लगेच बाहेर खेळावयास पळूं नका. करंजीचें सारण भरण्यास बसा, मोरीवरचीं भांडीं विसळा, पाणी भरा, केर काढा. सणाच्या आदल्या रात्रीं जी बाई एकटी उभी असे तिच्या शेजारीं आणखी दोन-चार हात चालूं लागले, तिला घटकाभर बसावयास मिळालें आणि उपासनेला तीहि सर्वांबरोबर वेळेवर निघाली, तर त्या खोलींत नाताळ खरोखर आला असें समजावें. बाकीचें तोरण, तारे व साखळ्या ह्या त्या आनंदाच्या खुणा होत. त्या खुणांस पैसा थोडाच लागतो. मन मात्र पुरें लागतें. आमच्या वाचकांनीं यंदा हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.